ब्राह्मी (मंडूकपर्णी)

जमिनीलगत पसरणारी, ओलाव्यात वाढणारी बहुवर्षायू औषधी वनस्पती. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका; कोथिंबीर आणि गाजर यांच्याच एपिएसी कुळातली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिची नोंद हायड्रोकोटाइल प्रजातीत केली होती. १८७९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ उर्बान याने ती सेंटेला प्रजातीत नेली. बेळगाव सीमाभागात मराठी माणसे तिला ब्राह्मी म्हणतात, कन्नड भाषक ओंदेलग. कोकणात कारिवणा हे नाव चालते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, मलप्रभा नदीच्या उगमाकडे, जांबोटी-कणकुंबीच्या दमट पट्ट्यात तिला हवी तशी जमीन मिळते. भाताचे बांध, ओढ्याकाठ, विहिरीचा पाझर, परसातली न्हाणीच्या पाण्याची ओल, अशा जागी ती एकदा लागली की हटत नाही. बारीक तांबूस खोड जमिनीवरून धावते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते. प्रत्येक पेऱ्यातून लांब देठाची पाने येतात: मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेला बोथट दाते असलेली. फुले इतकी बारीक आणि पानांखाली दडलेली, की मुद्दाम वाकून पाहावे लागते.

ही पारख महत्त्वाची आहे, कारण ब्राह्मी या नावाने बाकोपा मोनिएरी हीदेखील विकली जाते. तिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. तिची पाने लहान, मांसल आणि समोरासमोर असतात, फुले पांढरट-निळसर. दोन्ही बुद्धिवर्धक मानल्या जात असल्या तरी कुळे वेगळी, घटकही वेगळे.

चरकसंहितेत मंडूकपर्णीचा ताजा रस चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांत पहिला सांगितला आहे. घरगुती वापरही ताज्या पाल्याचाच: ओले खोबरे, हिरवी मिरची घालून चटणी, किंवा ताकात वाटलेला पाला. चव किंचित कडवट. डोके शांत राहावे, झोप लागावी म्हणून खोबरेल तेलात पाला कढवून ते टाळूवर घालतात. जखमेवर आणि त्वचाविकारांवर ठेचून लावतात. या उपयोगाला आधुनिक अभ्यासाचा आधार अधिक आहे, कारण पानांतील एशियाटिकोसाइडसारखे घटक जखमेच्या जागी कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, तयार होण्यास मदत करतात. मुलांच्या तोतरेपणावर पाने चघळायला देण्याची जुनी रीतही आहे, मात्र तिला तसा पुरावा नाही.

सांडपाण्याच्या गटाराकडेची ब्राह्मी कधीही खुडू नये. ती जमिनीतले जड धातू शोषून घेते. यकृताचे विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्याला विचारल्याशिवाय रस किंवा गोळ्या घेऊ नयेत. हवी तर मुळे धरलेले एखादे पेर कुंडीत, अर्धवट सावलीत लावावे आणि माती सुकू देऊ नये.