खुलासा: तण दूरवर पसरलं म्हणजे ते तिथल्या मातीला जुळलंच असं नाही

‘जे तण जितकं दूर पसरतं, तितकं ते तिथल्या हवामानाला अनुकूल आणि कणखर बनतं,’ असा मजकूर वरचेवर फिरतो. तर्क पटण्यासारखा आहे, पण अपुरा.

उदाहरण कंबरमोडीचं घ्या. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती आज सोलापूरच्या बांधाबांधावर दिसते. तिच्या बियांना केसाळ तुरा असतो, त्यामुळे त्या वाऱ्यावर उडतात. नव्या जागी आधी पोचतात त्या मोजक्याच. त्यामुळे मूळ समूहातली बरीच जनुकीय विविधता मागे राहते. पुढच्या पिढ्या या थोड्यांच्याच. त्यांच्यातलं एखादं अपायकारक जनुकही केवळ योगायोगाने सर्वत्र पसरू शकतं. पसरण्याच्या आघाडीवर, म्हणजे नव्या जागांच्या कडेला, निवड होते ती बहुधा लवकर फुलणाऱ्या, दूर उडणाऱ्या झाडांची. दुष्काळ सोसण्याची ताकद हा वेगळा गुण आहे. अर्थात, वेगवेगळ्या ठिकाणांहून बी पुन्हा आलं तर अनुकूलन घडूही शकतं.

पडताळायचं असेल तर सोलापूर आणि कोकणातल्या किमान 10-10 झाडांचं बी वेगवेगळं गोळा करा. एकाच झाडाचं बी घेतलं तर भावंडंच मोजली जातील. आधी एक पिढी सारख्या मातीत वाढवा, म्हणजे आईझाडाच्या पोषणाचा परिणाम निघून जातो. मग त्यांचं बी सोलापूरच्या काळ्या मातीत आणि कोकणातल्या जांभ्या मातीत, दोन्हीकडे लावा. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला बदला, नाहीतर ऊन-सावलीचाच फरक मोजला जाईल. शेवटी प्रत्येक झाडाचं बी मोजा. आपापल्या मातीत स्थानिकच सरस ठरले, तरच ते अनुकूलन.