कांदोळीच्या फारियांपासून मोबाइलमधल्या संमोहनापर्यंत

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचा शोध घेणाऱ्या आबे फारियांचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ सालचा. पुढ्यात कोसळलेली बाई, तिच्यावर पसरलेले हात. बघणाऱ्याला वाटतं, शक्ती त्या हातांतूनच वाहते आहे. फारियांचं म्हणणं नेमकं उलट होतं.

१७५६ साली कांदोळीत जन्मलेले हे पाद्री १८१३ पासून पॅरिसात जाहीर व्याख्यानं देत होते. मेस्मर हा अशाच उपचारांसाठी गाजलेला आधीचा वैद्य. त्याच्या अनुयायांचा अदृश्य चुंबकीय द्रवावर विश्वास होता. असा कुठलाही द्रव नाही, झोपवणाऱ्याच्या अंगी वेगळी शक्ती नाही. घडतं ते झोपणाऱ्याच्या एकाग्रतेतून आणि त्याने मानलेल्या सूचनेतून, असं फारियांनी मांडलं. म्हणूनच आज समोर कुणी बसलेलं नसतानाही संमोहनाला मोबाइलमधला आवाज पुरतो. गोव्याचं हे देणं पुतळ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

पोटाच्या विकारात संमोहन रुजलं १९८४ मध्ये. मँचेस्टरचे डॉ. पीटर व्होरवेल यांनी औषधांना दाद न देणाऱ्या आयबीएसच्या, म्हणजे आतड्याच्या चिवट कुरबुरीच्या, ३० रुग्णांवर चाचणी घेतली. संमोहन मिळालेल्यांची पोटदुखी आणि पोटफुगी ठळकपणे कमी झाली. या विकारात आतड्यांची साधी हालचालही मेंदूपर्यंत दुखणं बनून पोचते. सूचनांनी ती कुरबूर शांत करायची असते. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या चाचणीत हा उपचार कमी फॉडमॅपच्या आहाराइतकाच उपयोगी ठरला. कांदा, लसूण, गहू वगळणारा तो आहार. आपल्या स्वयंपाकघरात तो पाळणं किती जड जातं, हे घरच्या बायकांना विचारावं. चाचणीतल्या संशोधक सिमोन पीटर्स यांच्या पद्धतीवरच ‘नर्वा’ हे अ‍ॅप उभं राहिलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयबीएसच्या पोटदुखीसाठी ‘रेग्युलोरा’ या संमोहनाच्या अ‍ॅपला परवानगी दिली, ती मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वापरण्यापुरतीच.

पाळी जाताना अंगातून येणाऱ्या वाफांवर (हॉट फ्लॅशेस) संमोहनाचं काम टेक्सासच्या बेलर विद्यापीठातले गॅरी एल्किन्स यांचं. २०१३ च्या त्यांच्या चाचणीत १८७ स्त्रिया होत्या. आठवड्याला एक अशी पाच सत्रं झाली. बाराव्या आठवड्यापर्यंत वाफा ७४ टक्क्यांनी उतरल्या, तुलनेच्या गटात १७ टक्क्यांनी. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईला हार्मोनच्या गोळ्या सहसा देत नाहीत. तिच्यासाठी हा पर्याय मोलाचा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीतज्ज्ञांच्या संस्थेने त्याची शिफारसही केली.

या मूळ चाचण्या बहुतांशी माणसांनी समोरासमोर घेतल्या. अ‍ॅपचा पुरावा अजून कोवळा आहे. शौचात रक्त, उगाच घटणारं वजन, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसलं तर अ‍ॅप बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.