ढगांच्याही वर पाणी पोचतं कसं? जड वाफेच्या मोजणीची पार्श्वभूमी

समुद्राच्या पाण्यात साधारण 3200 रेणूंमागे एक रेणू जड असतो, म्हणजे त्यातल्या एका हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, हायड्रोजनचाच जड भाऊ, बसलेलं असतं. हे ड्युटेरियम हॅरॉल्ड युरीने 1931 मध्ये शोधलं. जड रेणू आधी गोठतो नि आधी खाली पडतो, त्यामुळे हवा वर जात थंड होत गेली की मागे उरलेल्या वाफेत जड रेणू कमी कमी होत जातात, पावसासाठी हा हिशोब डेन्मार्कच्या विली डान्सगार्डने 1964 मध्ये नीट मांडला.

आता खरा प्रश्न. स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे ढगांच्या वरचा वातावरणाचा थर, इतकं कोरडं का, तर तिथली हवा विषुववृत्तावरच्या अतिथंड थरातून गाळून वर जाते, असं ॲलन ब्र्यूअरने 1949 मध्ये सांगितलं. पण ती वाफ हळूहळू वर सरकते की गडगडाटी ढग बर्फाचे कण थेट वर फेकतात नि ते तिथे विरतात? नुसतं पाणी मोजून हे कळत नाही, दोन्हीकडे आकडा तोच येऊ शकतो, पण बर्फ आपल्यासोबत जड रेणूही वर नेतो ना! मला तर या सगळ्या विषयातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

मोजणं मात्र महाकठीण. तिथे हवेच्या दहा लाख रेणूंत पाण्याचे चार-पाच, आणि आपलं यंत्र जमिनीवरची ओल अंगावर घेऊनच वर जातं, नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेलं पाणी तासन्‌तास सुटत राहतं, बलूनच्या कापडातूनही निघतं. 1970 च्या दशकात डीटर एहाल्ट वगैरे मंडळी बलूनमधून वाफ गोठवून खाली आणून प्रयोगशाळेत तपासायची. मग 1985 पासून स्पेस शटलवरच्या ॲटमॉस यंत्राने मावळत्या-उगवत्या सूर्याचा प्रकाश वातावरणातून पाहून मोजणी केली, त्यावरून 1996 मध्ये लिझ मोयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की समुद्राच्या तुलनेत जड वाफ सुमारे 67 टक्केच कमी आहे, नुसतं हळूहळू गाळलं गेलं असतं तर ती 85-90 टक्के कमी भरली असती. म्हणजे बर्फाचा हात आहेच. 2002 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडावर विमानातल्या लेझरने हेच जवळून पाहिलं.

पुढे कॅनडाच्या 2003 सालच्या उपग्रहाने वेगळंच दाखवलं, उत्तर अमेरिकेच्या मान्सूनवर जड वाफ वाढलेली दिसते, आपल्या आशियाई मान्सूनवर तशी दिसत नाही! एवढे उंच ढग आपल्याकडे असताना असं का, हे बघायला 2017 च्या पावसाळ्यात जिओफिझिका नावाचं खूप उंच उडणारं संशोधन विमान शिकागो विद्यापीठाचं लेझर यंत्र घेऊन काठमांडूवरून उडालं.