शाळाबंदीतील अध्ययनऱ्हास आणि त्याची भरपाई

कोविड-१९ महासाथीत शाळा बंद राहिल्यामुळे विद्यार्थ्यांचे जे शिकणे राहून गेले किंवा विसरले गेले ते, आणि ते भरून काढण्यासाठी योजलेले उपाय. शिक्षक बोलताना याला सरळ ‘लर्निंग लॉस’ म्हणतात. लिखाणात अध्ययनऱ्हास, अध्ययनक्षती असे शब्द आढळतात.

या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, मुलाला येत होते पण सराव तुटल्याने विसरले. दुसरी, त्या काळात जे शिकायचे ते शिकलेच नाही. विसरलेले उजळणीने परत येते, बहुधा अपेक्षेपेक्षा लवकर. न शिकलेल्याची उजळणी होऊ शकत नाही. ते मुळापासून शिकवावे लागते. भरपाईचे पुष्कळ प्रयत्न तोकडे पडले ते या दोहोंना एकच मानल्यामुळे. त्यात भर म्हणजे मूल थांबले तरी वर्ग थांबला नाही. दुसरीत घरी बसलेले मूल शाळेत परतले ते थेट चौथीत, आणि बाईंच्या हातात पुस्तक होते चौथीचे.

व्याप्ती

एप्रिल २०२० मध्ये शाळाबंदी शिगेला पोचली तेव्हा १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी होते. पुढे देशोदेशीचे चित्र वेगळे झाले. नेदरलँड्समध्ये पहिली बंदी आठ आठवड्यांची होती, तर युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये.

नेदरलँड्सचे उदाहरण अभ्यासकांना फार उपयोगी पडले. घरोघरी इंटरनेट, बंदी अल्पकाळाची आणि परीक्षा बंदीच्या थोड्या आधी व थोड्या नंतर, असा योग तिथे जुळून आला होता. तरीही मुले सरासरीने शालेय वर्षाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी मागे पडली, म्हणजे घरून शिकण्याने जवळजवळ काहीच पदरात पडले नाही. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक होते. उलट स्वीडनने प्राथमिक शाळा उघड्या ठेवल्या आणि तिथे पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनात घट आढळली नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातील माध्यमिक विद्यार्थी दूरस्थ वर्गांतून जे शिकले, ते प्रत्यक्ष वर्गात शिकले असते त्याच्या जेमतेम २७.५ टक्के भरले.

भारतात अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षी येत असलेले भाषेतले किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलांनी, तर गणितातले किमान एक कौशल्य ८२ टक्के मुलांनी गमावले होते. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात २०१८ साली तिसरीची २७.३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. या जोडीतला पहिला आकडाही नीट पाहण्यासारखा आहे. महासाथीच्या आधीसुद्धा चारांतील जवळपास तीन मुले पातळीच्या खालीच होती. सगळे खापर शाळाबंदीवर फोडले की ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

ऱ्हास वर्गात कसा दिसतो

५२ मधून ३८ वजा करायला सांगितल्यावर मूल २६ उत्तर लिहिते. लाल शाईची फुली मारून पुढे जाणे सोपे असते, पण हे उत्तर अंदाजपंचे आलेले नाही. मुलाने ८ मधून २ काढले, ६ उरले. ५ मधून ३ काढले, २ उरले. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, हा नियम त्याला पक्का ठाऊक आहे. एक दशक सोडवून त्याचे दहा सुटे करता येतात, हा पुढचा पाठ मात्र बंदीच्या काळात येऊन गेला. अशा मुलाला हातच्याच्या वीस वजाबाक्यांची कृतिपत्रिका दिली तर तीच चूक वीसदा गिरवली जाते. त्याच मुलासमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून ‘मला अडतीस दे’ म्हणावे. ते तीन गठ्ठे देते, दोन सुट्या देते आणि अडते. थोड्या वेळाने ते चौथ्या गठ्ठ्याचे रबर काढते. राहून गेलेला पाठ त्या क्षणी सुरू होतो. वहीवरची मांडणी नंतर शिकवता येते.

वाचनातली खूण याहून फसवी असते. जोडाक्षरे पक्की न झालेले मूल ‘प्रवास’ला ‘परवास’ आणि ‘पुस्तक’ला ‘पुसतक’ म्हणते, बोट शब्दाखाली ठेवून एकेक अक्षर उचलते, आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते. काही मुले पहिले अक्षर आणि शेजारचे चित्र पाहून उरलेला शब्द तर्काने भरतात. काहींना धडा पाठ असतो आणि पानावर नजर नसतानाही ती घडाघडा म्हणतात. वाचन अडले की परिसर अभ्यास, इतिहास, गणितातली शाब्दिक उदाहरणे सगळेच अडते. शिक्षकाला मात्र मूल ‘सगळ्याच विषयांत कच्चे’ वाटते.

वाट पाहिली तर हे अंतर आपोआप मिटत नाही. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर उत्तर पाकिस्तानातील शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी तपासले तेव्हा भूकंपरेषेजवळची मुले दूरच्या मुलांच्या तुलनेत सुमारे दीड शालेय वर्ष मागे होती. तीनेक महिन्यांची तूट दीड वर्षाची होते ती शाळा उघडल्यानंतरच्या काळात. खालची पायरी नसलेल्या मुलाच्या डोक्यावरून रोजचा पाठ जातो आणि प्रत्येक महिना आधीच्या तुटीवर व्याज चढवतो. शाळेत शिकलेल्या आयांच्या मुलांत हे अंतर पडले नाही, असेही त्या अभ्यासात दिसले.

निदान

भरपाईची सुरुवात मूल नेमके कुठे आहे हे पाहण्यापासून होते, आणि इथेच लेखी परीक्षा कुचकामी ठरते. प्रश्नच वाचता न येणाऱ्या मुलाला शून्य मिळते. त्या शून्यातून त्याला अक्षरे येतात की शब्द येतात, काहीच कळत नाही. २००५ पासून ‘असर’मध्ये वापरली जाणारी चाचणी तोंडी आणि एकेका मुलाची असते. एका कागदावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर सहज वाचेल ती त्याची पातळी. काही मिनिटांत होते, गुण नाहीत, निकालपत्र नाही. शाळा उघडल्यावर बऱ्याच ठिकाणी अशा साध्या चाचण्यांनी काम सुरू झाले. मोठ्या ऑनलाइन चाचण्यांतून जमलेली माहिती वर जात राहिली, पण वर्गात उद्या काय शिकवायचे ते त्यातून क्वचितच उमगले.

भरपाईच्या वाटा

सर्वांत सोपी वाट अभ्यासक्रम कापण्याची. जुलै २०२० मध्ये सीबीएसईने नववी ते बारावीचा अभ्यासक्रम सुमारे ३० टक्के, तर महाराष्ट्राने शालेय अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. यामुळे परीक्षेचे ओझे हलके झाले. खालच्या इयत्तेतला खड्डा होता तसाच राहिला, कारण कात्री चालू वर्षाच्या पुस्तकावर चालली होती.

दुसरी वाट सेतू अभ्यासक्रमाची, म्हणजे चालू वर्ष सुरू करण्याआधी मागील इयत्तेतील गाभ्याच्या गोष्टी घेण्याची. महाराष्ट्रात १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू राबवला गेला. दिवसवार कृतिपत्रिका आणि मध्ये तीन चाचण्या अशी त्याची रचना होती. बहुतेक वर्ग तेव्हा बंदच होते, त्यामुळे कृतिपत्रिका मोबाइलवरून पोचत आणि फोटो काढून परत येत. ज्यांचे थोडे विसरले होते त्यांना याचा फायदा झाला असणार. पण सेतू मागच्या एकाच इयत्तेला जोडलेला असतो. पाचवीतल्या ज्या मुलाला दुसरीचे वाचता येत नाही, त्याला चौथीच्या काठावर नेऊन सोडण्यात अर्थ नसतो.

अशा मुलांसाठी सर्वांत जास्त पुरावा आहे तो पातळीनुसार शिकवण्याचा. दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवायची, मुलांचे गट वाचनाच्या किंवा अंकज्ञानाच्या पातळीवरून करायचे आणि पातळी बदलली की गट बदलायचा. ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत महासाथीच्या कितीतरी आधी घडवली होती. मुंबई आणि वडोदऱ्यातील बालसखी उपक्रम हे तिचे सुरुवातीचे रूप. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी तिच्या अनेक आवृत्त्या यादृच्छिक प्रयोगांनी, म्हणजे उपक्रम कुणाला मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, तपासल्या. उत्तर प्रदेशात दहा-दहा दिवसांच्या शिबिरांतून, एकूण ५० दिवसांत, उतारा किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा जवळजवळ दुप्पट झाले. यात गुंतागुंतीचे तंत्र काही नाही. अवघड आहे ते वेळापत्रकात तास राखणे आणि ‘पोर्शन’ मागे पडल्याचा ठपका शिक्षकावर न येऊ देणे. तिथेच ही पद्धत ढेपाळते.

छोट्या गटाची शिकवणी ही श्रीमंत देशांनी धरलेली वाट. २०२० मधील एका आढाव्यात शिकवणीवरच्या ९६ प्रयोगांचा एकत्रित परिणाम चांगला भक्कम निघाला. शाळेच्या वेळेत, आठवड्यात किमान तीनदा आणि शक्यतो त्याच शिकवणाऱ्याकडून, या अटी पाळल्या तर. इंग्लंडने २०२० च्या शेवटी राष्ट्रीय शिकवणी कार्यक्रम सुरू केला. आधी तो बाहेरच्या संस्थांमार्फत चालला आणि शाळांशी त्याचे सूत जुळेना. मग पैसा थेट शाळांकडे दिला गेला, आणि २०२४ मध्ये कार्यक्रम संपला. अमेरिकेने मार्च २०२१ च्या कायद्याने शाळांना सुमारे १२२ अब्ज डॉलर दिले व स्थानिक शाळा मंडळांनी त्यांच्या वाट्यातील निदान २० टक्के रक्कम अध्ययनऱ्हासावर खर्चावी अशी अट घातली. मोठ्या प्रमाणावर गेल्यावर शिकवणीचा परिणाम छोट्या प्रयोगांइतका राहिला नाही. ‘हवी असेल तेव्हा मदत’ देणाऱ्या ऑनलाइन सेवांचे दुखणे वेगळेच. ज्याला गरज सर्वांत जास्त, तोच त्या सर्वांत कमी वापरतो.

कमी खर्चातल्या प्रयोगांत बोत्स्वानाचा उल्लेख करायला हवा. तिथे बंदीच्या काळात काही कुटुंबांना आठवड्याचे गणित एसएमएसने पाठवले, तर काहींना त्याखेरीज शिक्षकाने आठवड्यातून एकदा १५-२० मिनिटांचा साधा फोन केला. नुसत्या एसएमएसने फारसे हाती लागले नाही, फोनने लागले. स्मार्टफोन नसला तरी चालले, पलीकडे बोलणारे माणूस असणे महत्त्वाचे ठरले.

तमिळनाडूने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडि कल्वि’ (घर शोधत येणारे शिक्षण) ही योजना आणली. सुमारे दोन लाख स्वयंसेवक शाळा सुटल्यावर वस्तीतच मुलांना तास-दीड तास शिकवू लागले. ग्रामीण भागातील सुमारे १९,००० मुलांवरील अभ्यासात दिसले की शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत तुटीचा दोन-तृतीयांश भाग भरून आला आणि त्यातला सुमारे २४ टक्के वाटा या योजनेचा होता. उरलेले श्रेय मुख्यतः उघडलेल्या शाळेचे, हेही त्यातून वाचता येते. विसरलेले लवकर परत येते ते असे.

वर्षच पुन्हा करायचा मार्ग थोड्यांनी निवडला. केनियाने जुलै २०२० मध्ये ते शालेय वर्ष वाया गेल्याचे जाहीर केले आणि पुढची वर्षे आखूड सत्रांत कोंबून वेळापत्रक रुळावर आणले. मुलाला एकट्याला मागे ठेवण्यापेक्षा हे बरे. पण आखूड सत्रात तोच जुना वेग दुप्पट झाला तर कच्ची मुले आणखी मागे पडतात.

अभ्यासाआधीची एक भरपाई हजेरीची असते. वर्ष-दीड वर्षात काही मुले कामाला लागली, काही मुलींची लग्ने झाली, आणि पहिलीत आलेल्या मुलांना तर शाळेत बसण्याचीच सवय नव्हती. जागतिक बँक, युनिसेफ, युनेस्को आदींनी २०२२ मध्ये सुचवलेल्या पाच कृतींत पहिली कृती मुलांना शाळेत आणून टिकवण्याची आणि शेवटची त्यांच्या मनःस्वास्थ्याची आहे, ते याच कारणाने.

भरपाई कुठवर आली

पिसा या १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांची सरासरी २०१८ च्या तुलनेत गणितात सुमारे १५ आणि वाचनात सुमारे १० गुणांनी घसरली. ग्रामीण भारतातील लहान वर्गांचे चित्र याहून आशादायक निघाले. ‘असर’ २०२४ मध्ये तिसरीतील वाचन २७.१ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ २०१८ च्या पातळीवर परतले, आणि वजाबाकी करू शकणाऱ्यांचे प्रमाण ३३.७ टक्के झाले, जे २०१८ मध्ये २८.२ टक्के होते. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंतच्या वाचन व संख्याज्ञानावर दिलेला भर हे यामागचे एक कारण मानले जाते. पण २०२४ साली तिसरीत असलेली मुले २०२० मध्ये शाळेतच नव्हती. सुधारलेला आकडा वर्गाचा आहे, बंदी सोसलेल्या मुलांचा नव्हे.

ती मुले आता वरच्या वर्गांत आहेत. ‘असर’ २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटातील सुमारे चौथा भाग मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. माध्यमिक शाळेत तास विषयांचे असतात आणि विज्ञान किंवा इतिहासाच्या शिक्षकाला अक्षरओळखीपासून वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण कधी मिळालेले नसते. वेळापत्रकात वाचन शिकवण्याचा तासही नसतो.