रेड फ्लॅग (जोडीदाराची पारख)

रेड फ्लॅग : लग्नाच्या किंवा प्रेमाच्या हेतूने एखाद्याची ओळख होत असताना त्याच्या बोलण्यावागण्यात जे दिसल्यावर आपण थबकावे, अशी खूण. मराठीत हिला 'धोक्याची खूण' म्हणता येते, 'लाल झेंडी'ही म्हणता येते. पण 'लाल निशाण', 'लाल बावटा' म्हटले की मोर्चा डोळ्यांपुढे येतो आणि 'खोट' म्हटले की माणूस कायमचा बाद झाल्यासारखा वाटतो, म्हणून तरुणांनी इंग्रजी शब्द तसाच उचलला. नागपुरात कॉलेजच्या कट्ट्यावर 'तो पोट्टा म्हणजे चालता-फिरता रेड फ्लॅग हाय बे' असे सहज बोलले जाते. रेल्वेच्या या शहरात खऱ्या लाल झेंडीचा अर्थ कोणालाही ठाऊक असतो : गाडी थांबवा, पुढचा रूळ पाहा, मग ठरवा. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच होता. आता तो निकाल दिल्यासारखा वापरतात, ही त्याची घसरण आहे.

चौकशी

स्थळ आले की मुलीकडची माणसे चौकशीला निघत, अजूनही निघतात. मुलाच्या घराजवळचा पानठेला, किराणा दुकान, ऑफिसातला ओळखीचा कारकून आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू ही या खात्याची ठरलेली ठाणी. मामा किंवा थोरले जावई पानठेल्यावर उभे राहतात, एक साधे पान लावायला सांगतात आणि पान लागेपर्यंत विचारून घेतात : 'पोट्टा पेत-बित त नाही न?' पानवाला शब्दांत क्वचितच उत्तर देतो. चुना लावता लावता त्याचा हात थांबला, की मामा समजतात.

या चौकशीतून बरेच हाती लागते. नोकरी कायम की कंत्राटी, वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीत) की महावितरणमध्ये की खाजगीत. घर स्वतःचे की भाड्याचे. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग आहे म्हणतात ती किती झाडांची. आधी कुठे साक्षगंध (साखरपुडा) होऊन मोडले होते का. हाती लागत नाही ते वागणे. आपल्या मताविरुद्ध कोणी बोलले की हा मुलगा काय करतो, हे पानठेल्याला माहीत नसते. शिवाय जुन्या चौकशीने खुणा शोधल्या त्या माणसाच्या कमी आणि घराण्याच्या जास्त. बहिणीचा घटस्फोट, आईचे एकटे असणे, काकाचे मनोरुग्णालयात जाऊन येणे हे सगळे मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर मांडले जाई. जातीच्या परिचय मेळाव्यांतून आणि त्यांच्या परिचय पुस्तिकांतून हा हिशेब आजही चालतो. पत्रिका पाहणाऱ्या घरांत ३६ पैकी १८ गुण जुळले की पुढची बोलणी. १९५६ च्या धम्मदीक्षेचे हे शहर. इथल्या बौद्ध कुटुंबांत पत्रिकेचा प्रश्न येत नाही, पण नोकरीचा आणि 'मुलगी नोकरी सोडेल काय' याचा येतोच.

वैयक्तिक रेड फ्लॅग ही कल्पना या चौकशीची वारस आहे. मामाचे काम आता मुलीने आणि मुलाने स्वतःकडे घेतले, एवढाच फरक. मात्र मामाला महिना मिळत असे. पुण्या-बेंगळुरू-हैदराबादला नोकरी करणारा नागपूरचा मुलगा दिवाळीला येतो, चार दिवसांत पाच घरचे पोहे खातो आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी 'काय ते सांग' म्हणून त्याच्यामागे लकडा लागतो. मुलीला मिळतात गॅलरीतली वीस मिनिटे, आणि काचेच्या दाराआड वहिनी उभी असते ती वेगळीच.

सर्वांची आणि आपापली

काही खुणा कोणालाही लागू पडतात : हात उगारणे, खोटे बोलणे, आधीचे लग्न लपवणे, पैशासाठी तगादा. इतर ज्याच्या त्याच्या असतात. ज्या मुलीने दारूच्या पायी वडिलांची नोकरी जाताना पाहिली, तिला शनिवारची एक बिअरही नको असते. तिच्याच मैत्रिणीला त्यात काही वाटत नाही. दोघींपैकी चूक कोणीच नाही. मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपनीत रात्रपाळी करणारीला 'रात्री उशिरा येणं आमच्याकडे चालत नाही' हे एकच वाक्य पुरते. सावजीच्या झणझणीत मटणाशिवाय ज्याचा रविवार होत नाही आणि जिच्या घरात कांदा-लसूणही येत नाही, त्यांच्यात धोका कोणाचाच नाही. पण हा प्रश्न साक्षगंधाआधी निघालेला बरा.

नावडीला मात्र रेड फ्लॅग म्हणू नये. चहा बशीत ओतून पिणे, मोज्यांवर चप्पल घालणे, फोनवर बोलताना गल्लीभर आवाज करणे यांना मराठीत 'नाक मुरडणे' हा पुरेसा शब्द आहे.

नागपूरची एक खास खूण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा ऐवज विदर्भात शाळकरी पोरांपासून निवृत्त बाबूंपर्यंत चालतो आणि स्थळ पाहताना 'खर्रा खात नाही' असे हमखास सांगितले जाते. सुपारीने तोंडातली त्वचा आखडते, जबडा पूर्ण उघडत नाही. पुढे कर्करोगाची भीती असते. म्हणून इथल्या जाणत्या मुली पहिल्या भेटीत कॅफेऐवजी गुपचुपच्या (पाणीपुरीच्या) ठेल्यावर जाऊ म्हणतात. पुरी हातात येते, पाणी सांडायच्या आत ती आख्खी तोंडात जायला हवी. गडी ती दोन तुकडे करून, मान वाकडी करून खाऊ लागला, की पुढे विचारायची गरज उरत नाही. यात व्यसनाहून मोठी बाब खोटे बोलण्याची आहे. 'खातो, सोडायचा प्रयत्न करून राहिलो' म्हणणाऱ्याचे स्थळ निदान बोलण्याजोगे राहते.

वागण्यातल्या खुणा

सगळ्यांत बोलका प्रसंग दोन माणसांमधला नसतो, तिसऱ्या माणसाबरोबरचा असतो. रविवारी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर गर्दी असते. पोऱ्या एका हातात तीन प्लेटा घेऊन येतो, कोणाचा तरी धक्का लागतो आणि चण्याच्या रश्श्याची लाल धार पांढऱ्या शर्टावर उतरते. पुढच्या दोन-तीन सेकंदांत माणूस दिसतो. कोणी 'अरे बापा' म्हणून कागद मागतो. कोणी पोऱ्याच्या आईवरून बोलतो आणि लगेच वळून सोबतच्या मुलीकडे हसून पाहतो. ते हसू खरी खूण आहे : राग आवरता येतो, फक्त तो कोणावर काढायचा याची त्याने निवड केली आहे. लॉ कॉलेज चौकातल्या सिग्नलवर पुढे घुसलेल्या ऑटोवाल्याशी, कॅफेतल्या वेटरशी, घरच्या कामवालीशी जो जसा बोलतो, तसा तो वर्षभराने बायकोशी बोलेल असे धरून चालायला हरकत नाही. हा नियम मुलींनाही लागू.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. नाते मोडण्याची पूर्वसूचना देणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या : दोषारोप, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि बोलणे बंद करणे. यांत तुच्छता सगळ्यांत घातक. ती आपल्याकडे बहुधा चेष्टेच्या वेशात येते. चारचौघांत 'हिला काय समजते त्यातलं' म्हणायचे आणि तिचा चेहरा उतरला की 'मजाक करून राहिलो होतो न, तू बी मनावर घेऊन राहिली' असे वर ऐकवायचे. एकदा झाले तर चूक. तिसऱ्यांदा झाले आणि दुखावल्याबद्दल माफीही तिनेच मागितली, तर ती चूक राहिली नाही.

दुसरी खूण घाईची. ओळख पंधरा दिवसांची आणि बोलणे सात जन्मांचे. दिवसाला साठ मेसेज, न मागता महाग भेटी, 'तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही' आणि त्यापाठोपाठ 'मग साक्षगंध याच महिन्यात करून टाकू'. हा वर्षाव ओसरला की हिशेब सुरू होतो : फोन काहून नाही उचलला, फुटाळा तलावावर कोणासोबत होती, लाइव्ह लोकेशन पाठव. मैत्रिणी एकेक करून कमी होतात. त्यांना कोणी हाकललेले नसते. प्रत्येक भेटीनंतर होणाऱ्या चौकशीला कंटाळून मुलगीच जाणे सोडते. काळजी आणि पहारा यांतला फरक ओळखण्याची सोपी रीत आहे. एखाद्या छोट्या गोष्टीला साधे 'नाही' म्हणून पाहावे. काळजी करणारा हिरमुसतो आणि विसरतो. पहारेकरी त्या 'नाही'ची शिक्षा देतो.

पैशाबाबत थोडक्यात : विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर भेटलेला परदेशी डॉक्टर, कस्टममध्ये अडकलेले त्याचे पार्सल आणि ते सोडवायला लागणारी रक्कम ही ठरलेली फसवणूक आहे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

सिकलसेलचा प्रश्न

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि पारख करण्याच्या या विषयात तो अनेकदा उलटा वाचला जातो. वाहक व्यक्ती, म्हणजे आजाराचे जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेली, सहसा ठणठणीत असते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल निर्दोष असेल, तर मुलाला आजार होत नाही. फार तर ते वाहक होते. म्हणजे वाहक असणे ही खोट नाही. तरीही मुलगी वाहक आहे कळल्यावर स्थळ परत जाते आणि स्वतःच्या मुलाची तपासणी मात्र त्याच घराने केलेली नसते. या भीतीने लोक अहवाल लपवतात आणि लपवणे हाच खरा धोका होऊन बसतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीशीपर्यंतच्या लोकांची तपासणी करून कार्ड देण्याची आणि लग्नाआधी समुपदेशनाची तरतूद आहे. दोघांनी मिळून तपासणीला जाऊ असे कोणी सुचवले, तर रागावू नये. नागपुरात तरी पत्रिकेआधी हे कार्ड पाहणे शहाणपणाचे.

कायदा

'आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगल्या लॉनवर करून द्या' किंवा 'तुमच्या मुलीला काय द्यायचं ते तुम्ही द्या' ही वाक्ये नागपूरच्या बैठकीत नेहमी ऐकू येतात. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्यात हुंडा घेण्याइतकाच मागणेही गुन्हा आहे, मग लग्न झालेले असो वा नसो. स्पष्ट नकारानंतरही पुरुषाने मागे लागणे, वारंवार संपर्क साधणे, स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा ठरतो. लग्नासंबंधी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न रद्द करून मागता येते; पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि नागपूर पोलिसांचा भरोसा सेल २०१७ पासून.

दिसूनही

खुणा दिसत नाहीत ही तक्रार फारशी खरी नाही. बहुतेकांना त्या पहिल्या महिन्यातच दिसलेल्या असतात. मानसशास्त्रज्ञ समँथा जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की न पटणाऱ्या व्यक्तीला आपण सहज नाकारू असे लोकांना वाटते, पण ती खरोखर समोर आहे असे कळले की तेच लोक नकार द्यायला कचरतात, कारण समोरच्याला दुखवायचे नसते. हा प्रयोग नागपूरच्या अमरावती रोडवर झाला असता तरी निष्कर्ष हाच आला असता. आपल्याकडे त्या संकोचात लॉनचा अ‍ॅडव्हान्स जमेस धरावा लागतो. साक्षगंध झाले, गांधीबागेच्या कापडबाजारात बस्ता घेऊन झाला, मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात मुहूर्त धरला आणि कूलरवाल्याला बयाणा गेला, की मुलीने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर मिळते : लग्नानंतर सुधरते. ज्या आत्याबाई हे सांगतात त्यांचे यजमान सुधारलेले असतातच असे नाही.

उलट टोकही आहे. रील पाहून तयार केलेली पन्नास खुणांची यादी घेऊन कोणी भेटायला आला, तर त्या यादीतून सुटणारा माणूस सापडत नाही. अबोलपणा, आईशी रोज फोन, पहिल्या भेटीतली घबराट यांनाही लाल झेंडी दाखवली जाते. यादी करणाऱ्याने तीत स्वतःचे नाव घालून पाहिले, असे मात्र क्वचित ऐकू येते.

नकार

जुन्या पद्धतीत खूण दिसली की पळवाट तयार होती. 'पत्रिका जुळली नाही' असे मध्यस्थाकरवी कळवायचे, बायोडाटा आणि फोटो परत पाठवायचे. कोणाचा अपमान नाही, पुढच्या लग्नात दोन्ही घरची माणसे एका पंगतीत जेवायला मोकळी. बौद्ध कुटुंबांत हे कारण चालत नसल्याने 'मुलीला अजून शिकायचं आहे' म्हणतात, आणि ऐकणारे मुलीचे शिक्षण कधीच संपले आहे हे जाणून 'बरं बरं' म्हणतात. स्वतः ओळख करून घेणाऱ्यांना मध्यस्थ नाही आणि पत्रिकाही नाही. त्यांना नकार स्वतःच्या तोंडाने द्यावा लागतो, तेही कारण विचारले जाणार हे माहीत असताना. काहीजण मेसेजला उत्तर देणे बंद करतात. काहीजण तेलंगखेडीच्या बागेत एका बाकावर पाऊण तास बसून, चणे-फुटाण्याचा कागदी कोन रिकामा होईपर्यंत दुसरेच काहीतरी बोलत राहतात आणि उठताना सांगतात.