डाळिंबाच्या सालीचा शिकारबटवा : एका खेळण्याची पार्श्वभूमी

फळाची साल शक्यतो अखंड सोडवायची, ती पुरती वाळण्याआधी कापून तिच्या कडा शिवायच्या, वर झाकणापुरती जीभ ठेवायची आणि कमरेला अडकवण्यासाठी बंद लावायचा, एवढ्या कृतीतून शिकाऱ्याच्या कमरेच्या बटव्याची बोटभर प्रतिकृती तयार होते. पातळ आणि लवचीक असल्यामुळे या खेळण्यासाठी संत्र्याची साल सहज सुचते. सोलापूर जिल्ह्यात मात्र हाताशी येणारे फळ डाळिंब आहे, आणि या कामासाठी ते निवडण्यामागे केवळ सोय नाही. खऱ्या बटव्याचे कातडे ज्या जातीच्या द्रव्याने कमावले जात असे, ते तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, डाळिंबाच्या सालीत भरपूर असते. त्यामुळे या खेळण्याची पार्श्वभूमी शोधताना बटव्याचा आणि सालीचा असे दोन्ही इतिहास पाहावे लागतात.

शिकाऱ्याच्या बटव्यात शिकार कधीच नसते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. शिकार खांद्यावर किंवा झोळीत येते. बटव्यात असतात ती लहानसहान साधने, जी हरवली किंवा भिजली तर दिवस वाया जातो. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कमरेला वासराच्या कातड्याचा बटवा होता आणि त्यात गारेची लहान हत्यारे, हाडाची आरी आणि विस्तव पेटवण्यासाठी वाळवलेली अळंबी होती. विस्तवाचे साहित्य कमरेला बांधून फिरण्याची ही रीत महाराष्ट्रातही आगपेटी सर्वत्र होईपर्यंत टिकून होती. रानात हिंडणाऱ्या माणसाच्या बटव्यात चकमक, गारगोटी आणि ठिणगी धरणारा कापूस असे, आणि तंबाखूही बहुधा त्याच बटव्यात असे.

तोड्याची बंदूक आल्यावर बटव्याचे काम वाढले. दारू कोरडी राहिली पाहिजे, गोळ्या वेगळ्या राहिल्या पाहिजेत आणि दोन्ही वस्तू न पाहता हाताला लागल्या पाहिजेत, अशा तीन अटी एकाच वेळी पाळायच्या असल्यामुळे कमरपट्ट्यावर दारूचे शिंग किंवा कुपी, गोळ्यांची कातडी पिशवी आणि इतर लहान कप्पे अशी जुळणी रूढ झाली. मोगलकाळातील हस्तिदंती दारूकुप्यांवर हरणे आणि शिकारी जनावरे कोरलेली दिसतात, ती मात्र श्रीमंतांची हौस होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पुरुषांच्या घेरदार वस्त्राला खिसे नसल्यामुळे कमरेच्या पुढच्या बाजूला कातडी बटवा लटकवण्याची पद्धत पडली. जुने बटवे हरणाच्या कातड्याचे, नाडीने आवळायचे आणि गोंडे लावलेले असत. पुढे त्यांना धातूची कडी-झाकणे आली आणि एकोणिसाव्या शतकात बकरीच्या लांब केसांचे शोभेचे प्रकारही निघाले. खेळण्यातल्या बटव्याला सालीच्या चिरफळ्यांचे गोंडे लावले की तो याच घराण्यात जाऊन बसतो.

सोलापूरच्या माळरानावरील शिकारीचा इतिहास बंदुकीपेक्षा फाशांचा अधिक आहे. फासेपारधी समाजाने तितर, लावे आणि हरणे धरण्याचे कौशल्य पिढ्यान् पिढ्या जपले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असे अनेक समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तारेच्या कुंपणाआडच्या ज्या वसाहतींत त्यांना डांबले गेले त्यांपैकी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. शहरातील त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. १९५२ साली ही नोंद कायद्यातून पुसली गेली. शिकारीच्या साधनांकडे मुलांच्या खेळाच्या निमित्ताने पाहताना हा भाग गाळून चालणार नाही, कारण दरबारी शिकाऱ्याची कुपी संग्रहालयात जाऊन बसली आणि फासे बाळगणारा माणूस मात्र कुंपणाआड गेला. शेतावरची गोष्ट वेगळी होती. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकलली जात, आणि गोफणीचे किंवा पोरांच्या बेचकीचे खडे ठेवायला धोतराचा सोगा, सदऱ्याचा ओचा किंवा एखादी जुनी पिशवी पुरे होत असे. सोलापुरी मुलाचा शिकारबटवा कोणाचा वारस म्हणायचा, तर माझ्या मते या खड्यांच्या पिशवीचा.

आता सालीकडे वळू. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर फळीसारखे कडक होते. टॅनिन त्यातील प्रथिनांना बांधून ठेवते, म्हणून कमावलेले कातडे कुजत नाही आणि लवचीकही राहते. महाराष्ट्रात हे टॅनिन मुख्यतः बाभळीच्या सालीतून, तरवडाच्या सालीतून आणि हिरड्यातून घेतले जाई. हे कष्टाचे आणि दुर्गंधीचे काम ढोर समाजाने केले; बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मानाचे स्थान मिळालेले कक्कय्या याच समाजातील होते. उत्तर आफ्रिकेत, विशेषतः मोरोक्कोच्या प्रसिद्ध बकरी-कातड्यासाठी, डाळिंबाची साल वापरत, आणि तिने कातड्याला पिवळसर रंगही येई. मात्र डाळिंबाची साल वाळताना स्वतःलाच कमावून घेते असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण तिच्यात कातड्यातील प्रथिनांची जाळी नसते. ती फक्त वाळते. तुरटपणामुळे तिला बुरशी लवकर धरत नाही, एवढाच टॅनिनचा फायदा तिला मिळतो.

फळाच्या कवचाचे किंवा सालीचे भांडे करणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वाळवलेला दुध्या भोपळा कोरून केलेला तुंबा साधूंच्या हाती असतो. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातूनच जातात. बेलफळाचे टणक कवच साफ करून त्यात औषधाच्या गोळ्या किंवा तपकीर ठेवण्याची पद्धतही जुनी आहे. तरीही ही सारी कवचे मुळातच कठीण असतात. मऊ साल घेऊन तिला हवा तो आकार देण्याचे काम अधिक नाजूक आहे, आणि त्याचा उत्तम नमुना अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये सापडतो.

दक्षिण फ्रान्समधील ग्रास या अत्तरांच्या गावात बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या डब्या केल्या जात. फळाचे दोन भाग करून गर काढायचा, साल उलटी करून सुगंधी बाजू आत घ्यायची, लाकडी साच्यावर ती ताणून वाळवायची आणि मग बाहेरून कागदाचा लगदा चढवून त्यावर फुले, प्रेमी युगुले किंवा शिकारीची दृश्ये रंगवायची, अशी ती कृती होती. डबीत मिठाई किंवा तपकीर ठेवत, आणि झाकण उघडले की फळाचा वास येई. इटलीच्या कॅलाब्रियातही याच फळाच्या सालीच्या तंबाखूच्या डब्या होत. सालीच्या खेळण्याचा सर्वांत जवळचा पूर्वज मला या डब्यांत दिसतो, कारण साच्याशिवाय साल आकार धरत नाही हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. हल्ली साल कापून लगेच ग्लू गनने चिकटवण्याची पद्धत दिसते. वाळताना साल आक्रसते आणि तो जोड उकलतो.

डाळिंब सोलापुरात मुळापासूनचे नाही. इराणच्या बाजूने आलेले हे काटक झाड महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात रुजले. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चिमा यांनी निवडलेला ‘गणेश’ हा वाण दीर्घकाळ मान्यता पावला, रोजगार हमीशी जोडलेल्या १९९० च्या फळबाग योजनेने क्षेत्र वाढवले आणि पुढे जाड, चकचकीत सालीच्या ‘भगवा’ने बाजार घेतला. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरात सुरू झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. ‘भगवा’ची साल लांबच्या वाहतुकीत दाणे सांभाळते, आणि बटव्यालाही तिची जाडी उपयोगी पडते. तेल्या रोगाच्या डागांचे फळ मात्र बटव्यासाठी टाळावे, कारण साल नेमकी डागाच्या रेषेत तडकते.

प्रत्यक्ष करताना देठाच्या बाजूला गोल चीर देऊन दाणे आणि पांढरे पापुद्रे काढून टाकतात. साध्या लोखंडी सुरीने कापले तर थोड्याच वेळात कापाची कड निळसर काळी पडते. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. रंगाऱ्यांनी आणि शाई करणाऱ्यांनी हीच अभिक्रिया शतकानुशतके वापरली. खेळण्यावर हा काळा काठ शोभून दिसतो, पण तो नको असेल तर स्टीलची सुरी घ्यावी. ताजी साल वाकवली की मोडते आणि पूर्ण वाळलेली साल सुई आत घेत नाही, म्हणून ती सावलीत मरगळेपर्यंत ठेवून, दाभणाने आधी भोके पाडून मग शिवावी लागते. चांभारही टाक्याआधी आरीने भोक पाडतो, आणि शिवण एका रेषेत येण्याचे रहस्य त्यातच असते. शिवलेल्या बटव्यात कोरडी वाळू ठासून भरली की तीच साच्याचे काम करते. साल वाळून खणखणीत झाल्यावर वाळू ओतून टाकायची. झाकणाला बोंडी हवी असते. ज्वारीच्या कडब्यातील ताटांच्या भेंडाची आणि सालपटांची बैलगाडी करणाऱ्या इथल्या मुलांना ती वेगळी शोधावी लागत नाही, कारण भेंडाचा तुकडा आणि त्यात खोचलेले सालपट हीच बोंडी आणि हीच खीळ होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा ठरला, आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान १९७९ पासून माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. शिकाऱ्यांचे बटवे त्यामुळे वापरातून गेले. सालीचा बटवा मात्र एक-दोन हंगाम टिकतो, पावसाळी हवेत सादळून मऊ पडतो आणि पुढच्या बहाराला नवा करावा लागतो. त्यात मावतात चार-पाच चिंचोके किंवा थोड्या गुंजा. गुंज विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या हाती बटवा देताना चिंचोकेच बरे.