पार्थेनॉन ऊन-पावसाने पडलेलं नाही

ग्रीसच्या सहलीची यादी ठरलेली असते: सँटोरिनी, मिकोनोसचे किनारे आणि अथेन्सचं पार्थेनॉन. तिथे पोहोचलं की कुणीतरी म्हणतंच, "अडीच हजार वर्षांच्या ऊन-पावसाने काय अवस्था केलीय बघा!" बिचाऱ्या पावसावर उगाच आळ.

इ.स.पू. ४३८ मध्ये अथेना देवीला अर्पण झालेलं हे मंदिर पुढे चर्च झालं, मग मशीद. आगी लागल्या, मोडतोड झाली, तरी सतराव्या शतकात भिंती आणि खांब बऱ्यापैकी शाबूत होते. १६८७ मध्ये व्हेनिसच्या फौजेने अक्रोपोलिसला, म्हणजे पार्थेनॉन ज्या टेकडीवर आहे तिला, वेढा घातला. तेव्हा अथेन्सवर राज्य करणाऱ्या तुर्कांनी दारूगोळा याच इमारतीत साठवला होता, माणसंही इथेच आसऱ्याला होती. २६ सप्टेंबरला तोफेचा गोळा आत पडला आणि मधला सगळा भाग उडाला. म्हणजे आज दिसणारं खिंडार मुख्यतः एका संध्याकाळचं काम आहे.

उरलेल्या शिल्पांपैकी बरीच ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून उतरवून नेली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीस ती अजून परत मागतोय.

आणि हो, हे मंदिर मुळात पांढरंशुभ्रही नव्हतं. त्यावर निळे-लाल रंग होते. ते उडवण्यात मात्र पावसाचा हात आहे.